धुळ्याच्या वाटेवरचा लाव्हा

आमचे शेजारी नाना काळ्या दगडावर बसण्याआधी त्याला हात लावून बघत. गार झालाय का, म्हणून. संध्याकाळी आम्ही मेहरूणच्या तलावावर फिरायला जायचो. मी दिसेल त्या दगडावर खुशाल बसायचो आणि नाना मात्र दगडावर तळहात ठेवून, ताप बघणाऱ्या डॉक्टरासारखे उभे.

“नाना, थंड होऊन युगं लोटली त्याला!”

“खात्री केलेली बरी.”

आम्ही दोघे एकाच शाळेत. मी मराठी शिकवायचो, ते भूगोल. म्हणजे पगार भूगोलाचा. शिकवत फक्त ज्वालामुखी. इंग्लंडच्या हवामानापासून सुरुवात केली तरी तास संपेपर्यंत ते खानदेशच्या पोटात शिरलेले असत. रंगात आले की पुस्तकी मराठी गळून पडे, खानदेशी बोली तेवढी उरे. “बठ्ठा लाव्हा शे, भाऊ! तू जठे उभा शे, तठेबी लाव्हा शे!”

एका जेवणावळीत त्यांनी बट्टी चुरून पानावर डोंगर रचला आणि त्यावर वरण सोडलं. “बघा, असा थरावर थर चढला. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे.” वाढपी तूप घेऊन खोळंबला, तर त्याला हातानेच थोपवलं. “थांब, अजून गोठलं नाही.”

कुणीतरी खवचटपणे विचारलं, “मास्तर, जिवंत ज्वालामुखी कधी पाहिलाय का?”

“नाही. पण आमच्या अक्काबरोबर राहतो.”

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. नानांची बायको लवकर गेली. तेव्हापासून घर अक्काच्या धाकात होतं. घरात तिसरी सुमती, नानांची एकुलती एक मुलगी.

सुमतीचं लग्न धुळ्याला ठरलं. मुलाकडच्यांच्या आग्रहाने कार्यही तिकडेच. भाड्याची एस्टी केली. अक्का रुखवताचे डबे सांभाळत मागे, नवरी खिडकीशी आणि नाना ड्रायव्हर रहीमभाईच्या पाठीशी. पारोळा मागे पडला. धुळं जवळ येत चाललं तसे नाना गप्प गप्प होत गेले. मला वाटलं, कन्यादानाचा उपास बाधला असेल.

आणि एकदम ओरडले, “थांबवा! गाडी थांबवा!”

रहीमभाईने करकचून ब्रेक दाबला. डबे गडगडले, लाडू सीटांखाली पळाले. “क्या हुआ, मास्तर? कुणी पडलं का?”

“डाइक!” नाना खाली उतरलेसुद्धा.

रस्त्याच्या कडेला माळावर काळ्या दगडांची एक लांबच लांब भिंत पसरली होती. कुण्या राजाने बांधायला घेऊन कंटाळून सोडल्यासारखी.

“जमीन फाटली,” नाना सांगू लागले, “फटीतून लाव्हा वर आला, तिथेच गोठला. बाजूचं सगळं झिजून गेलं, तो तेवढा राहिला.”

“मुहूर्त झिजून चाललाय, नाना!” मी म्हणालो.

“अरे मेल्या, पोरीचं लग्न शे का सहल?” खिडकीतून अक्का कडाडली. वऱ्हाड हसत होतं, चिडत होतं, घड्याळं बघत होतं. मुहूर्त शेवटी गाठला आम्ही, पण त्या घटकेला कुणाला आशा नव्हती.

तेवढ्यात सुमती शालू सावरत खाली उतरली. मी म्हटलं, बरं झालं, आता ही त्यांना ओढून आणेल. “सुमे, बघून घे एकदाची ती भिंत आणि नानांना घेऊन चल.”

“काका,” ती हळूच म्हणाली, “ही भिंत मी लहानपणापासून बघतेय. सुट्टी लागली की नाना मला इथेच आणायचे. मी आईची आठवण काढून रडायला लागले की मला भिंतीवर चढवून बसवायचे.”

मी नानांकडे पाहिलं. ते आमच्याकडे पाठ करून उभे होते. कोटाच्या बाहीने चष्मा पुसत होते, पण चष्मा हातात होता आणि बाही डोळ्यांशी.

सुमती त्यांच्याजवळ गेली.

“नाना, ते फटीचं परत सांगा ना. मला नीट कळलं नाही.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

रहीमभाईने इंजिन बंद केलं. माळावर एकदम शांत झालं. नानांनी चष्मा लावला आणि भिंतीवर तळहात ठेवून उभे राहिले.

मागच्या खिडकीतून अक्काचा आवाज आला, पण आता अगदी मऊ.

“सांग रे भाऊ, सांग. सावकाश सांग तिला.”