खाली बातमी जात नाही

माझी बायको सुमन गेली त्या दिवशी मी आंबोलीला होतो. ती सकाळी आठला गेली. मला दुपारी दोनला कळलं. मधले सहा तास आमच्या शेजारच्या बाबलकाकांनी ती बातमी अडवून धरली होती.

बाबलकाकांनी नौदलात बावीस वर्षं पाणबुडीवर स्वयंपाक केला, आणि तारकर्लीला परतल्यावरही ते तिच्यातून पुरते बाहेर आलेले नाहीत. विहीर काठोकाठ भरलेली असली तरी एका तांब्यात अंघोळ उरकतात. मासे तळायचे तर चूल अंगणात. "खाली एकदा बांगडो तळलंय, तर आठ दिस सायबाच्या उशीक वास!" पाण्याखाली दिवस कळत नाहीत, म्हणून तिथे त्यांनी रविवारी खीर ठरवली होती. इथे एकदा बुधवारी कुणीतरी जास्तीचं दूध दिलं. काकांनी खीर केली आणि दुसऱ्या दिवशी सोमवारचा उपास धरला.

मालवणच्या बंदरावर त्यांना छेडायला सगळे टपलेले असतात.

"काका, समुद्राच्या पोटात काय बघलास?"

"समोरच्याची पाठ."

"आणि मासो?"

"डब्यातलो."

पर्यटकांना पाण्याखाली फिरवायला काचेच्या खिडक्यांची पाणबुडी येणार, अशी बोलवा उठली तेव्हा ते दोन दिवस अस्वस्थ होते. "पाणबुडीक खिडकी? मगे तेका होडी म्हणा!" टीव्हीवर पाणबुडीचा सिनेमा लागला की सुमन त्यांना मुद्दाम बोलवायची. नायक ओरडला की काका खुर्चीतून उठत. "गप रे मेल्या, शत्रू ऐकतलो!" सुमन पदरात तोंड घालून हसायची. काका ओशाळून खाली बसत आणि पुढच्या आरोळीला परत उठत.

त्यांचा एकच नियम त्यांनी कधी मोडला नाही. "पाण्यात असलेल्याक वायट बातमी द्यायची नाय. आधी वर येऊंदे, जेवूंदे."

त्या सकाळी सुमन चहा गाळताना कोसळली. मी परीक्षेच्या कामाला गेलो होतो. शेजारी आंबोलीच्या शाळेत फोन लावायला निघाले, तेव्हा काका दारात आडवे उभे राहिले. "मास्तर एकाक गाडीन मालवणाक पोचतलोच. गाडीत तो एकटो आसतलो. कळला तर घाटात खंय उतरतलो?"

मालवणच्या स्टँडवर ते इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. मला घेऊन सरळ खानावळीत गेले. मी सुरमईचं ताट जेवलो. आंबोलीचं धुकं, तिथल्या हेडमास्तरांची झोप, काय काय सांगत बसलो. काकांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. मी हात धुऊन आलो तेव्हा ते ताठ उभे होते.

"मास्तर, वैनी सकाळी गेली."

प्रेत उचलेपर्यंत आमच्याकडे घरात चूल पेटत नाही. आणि मी मासे जेवून आलो होतो. बोटांना वास होता. सुमनच्या बहिणीने माझ्याकडे पाठ फिरवली. काकांशी मी वर्षभर बोललो नाही.

वर्षश्राद्धाला ते अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे येऊन उभे राहिले. आत येईनात. मीच गेलो.

"हो अधिकार तुमका कोणी दिल्यान?"

"माझी राधा गेली तेव्हा मी खाली होतंय," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून त्यांच्या बायकोचं नाव मी प्रथमच ऐकत होतो. "सायबाक दुसऱ्याच दिसा कळला. माका एकोणीस दिसांनी सांगितल्यान. वर इल्यावर, जेवल्यावर. बरीच वर्सां माका राग होतो."

"मगे?"

"मगे समाजला. सगळ्यांसाठी ती गेल्ली, पण ते एकोणीस दीस माझ्यासाठी जिती होती. तितके दीस माका जास्त गावले." ते गडग्याच्या दगडांकडे बघत राहिले. "तुका सहाच तास देऊक गावले, मास्तर."

मी त्यांना माफ केलं की नाही, मला अजून सांगता येत नाही. पण त्या दिवशी बसच्या खिडकीशी बसून, घरी गेल्यावर सुमनला काय काय सांगायचं ते मी आंबोलीपासून मालवणपर्यंत मनात जुळवत आलो होतो. आता संध्याकाळी काका येतात, त्यातलं एखादं त्यांना सांगतो. बाकीचं माझ्याजवळ आहे.