जमिलाबीच्या खोकल्याची मोहीम

शके एकोणीसशे एक, सिद्धार्थीनाम संवत्सर, माघमासी, उमरगे मुक्कामीचे नामांकित बँडवाले अजम हैदरमियाँ यांची कन्या जमिलाबी, उमर वर्षे सात, इजवर मुंबईचे थोरले इस्पितळी जो प्रसंग गुजरला, तो जैसा घडला तैसा, पदरचे न घालिता लिहिला असे.

हैदरमियाँ म्हणजे फुंकीचे सरदार. कारखान्याचे मोळीपूजन असो, सोसायटीची निवडणूक असो, की पाटलाघरचे लग्न, त्यांचे बिगुलाविना मिरवणूक हलत नसे. परंतु लेक बहात्तरचे दुष्काळात जन्मली ती काळजास भोक घेऊनच. चार पावले चालता ओठ निळे पडत. मग हकीम जाहले, डॉक्टर जाहले, आणि अखेर मुंबईचे डॉक्टरसाहेबांनी छाती उघडोन भोक शिवून बुजविले, आणि गड हाती आला ऐसे समजोन हैदरमियाँनी व्हरांड्यात शुक्राना अदा केला.

तो तिसरे रोजी नवा गनीम उभा राहिला. छातीत कफ दाटला, आणि टाके ओढतात म्हणोन पोर खोकेना, श्वासही वरवरचाच घेई. डॉक्टरसाहेबांचे फर्मान सुटले की, हीस खोकवावे आणि फुगा फुगवावयास लावावे, नाहीतर कफ फुप्फुसात धरेल, मग इलाज कठीण. या कामी गुलबर्ग्याकडील सिस्टर शांतम्मा नामजाद जाहल्या, आणि त्यांनी छातीशी धरावयास एक उशी व फुंकावयास एक पिवळा फुगा दिला.

जमिलाबीने उशी ठेवून घेतली, फुगा परत केला. मातोश्री सकिनाबींनी बाहुलीचा कौल दिला, तो नामंजूर जाहला. सिस्टरांनी पाठ थोपटली, तेव्हा पोरीने तोंड भिंतीकडे फिरवोन जबाब दिला, "दुखतंय. म्या न्हाय खोकणार." दुसरे दिवशी ताप चढला. डॉक्टरसाहेबांनी थर्मामीटर पाहोन खोकल्याची व फुग्याची ताकीद पुन्हा दिली.

मग शांतम्मांनी मसलत केली. म्हणाल्या, "तुम्ही वाजवणारे ना, हैदरभाई? मग तुम्हीच दाखवा तिला."

आपले हुन्नराचे काम निघाले म्हणोन हैदरमियाँ खूष जाहले, स्टुलावर मांड ठोकली, फुगा ओठी लाविला, आणि तेथेच शिकस्त जाहली. चार दिवस डोळ्यातून टिपूस काढिले नव्हते, ते अवघे त्याच घडीस गळ्याशी दाटले. फुगा लिंबाएवढा जाहला आणि बसला. दुसरे खेपेस बोराएवढा. तिसरे खेपेस नुसती थुंकी.

जमिलाबी हे युद्ध खाटेवरून पाहत होती. म्हणाली, "अब्बा, गालानं काय फुकताव? पोटातनं फुका. बँडच्या पोरांला तुमीच सांगताव की."

"पोटातनं येईना गेलंय, बेटा," हैदरमियाँ बोलले.

ज्यांचे बिगुलाने नवरदेवाचे घोडे बुजत, त्यांस एका फुग्याने जेर केले, याचे पोरीस हसू आले, आणि हसता टाके ओढले, मग तिणे उशी कवटाळली, आणि हसण्याचा खोकला जाहला, एक, दोन, आणि तिसरा थेट तळातून, आणि कफ शांतम्मांचे भांड्यात येऊन पडला.

"अजून एकदा, अम्मा," सिस्टर पोरीस लाडाने हळूच म्हणाल्या.

पोर रडली, परंतु खोकली. मग हात पुढे केला. "द्या तो इकडं."

येणेप्रमाणे माघ वद्य पंचमीस, दोन प्रहरी, पिवळा फुगा जमिलाबीने स्वतःचे दमाने सर केला. आकार नारळाएवढा, जमिलाबीचे म्हणणे कलिंगडाएवढा, तेच कायम केले असे. ताप दुसरे रोजी उतरला, आणि पंधरवड्याने फौज स्वदेशी दाखल जाहली. जखमी एक, टाके सोळा. पराभूत सरदार एक, हैदरमियाँ. त्यांनी उमरग्यात एसटीतून पाय खाली ठेविताच आपली हार ज्यास त्यास, पेढा हाती देऊन, मोठ्या अभिमानाने सांगितली.