मागच्या दाराची कडी

मी भुताखेतांना भीत नाही. भूत भिंतीतून येतं, त्याला कडीकोयंड्याचं काय? माझी झोप उडवली ती माणसं घरात शिरतात त्या सिनेमांनी.

शेजारच्या शिंपीणबाईकडे मी रोज दुपारी मागच्या दारानं जाते. (जात होते म्हणा.) ती मशीन चालवते, मी तिच्या मोबाईलवर सिनेमा बघते आणि तिला गोष्ट सांगते, कारण तिची नजर सुईवर. सिनेमाची भाषा परकी, पण माझं काही अडत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेय, आणि दार सगळ्या भाषांत सारखंच करकरतं. शिंपीणबाई म्हणते, भीती त्या मुखवट्याची. मी म्हटलं, छे. चाकू घेऊन समोर आला तर निदान चाकू दिसतो तरी. खरी भीती त्याच्या आधीची. बाई कामावरून घरी येते, सगळं जिथल्या तिथं, फक्त एक खुर्ची हललेली. कुणीतरी येऊन निवांत बसून गेलंय. ती नवऱ्याला सांगते, तर तो म्हणतो, तुला भास झाला असेल. तिथं मी मोबाईल पालथा घालते.

आता आमचं मागचं दार बघा. माझा लेक कुलपांचा कारागीर. सगळे त्याला मास्टर म्हणतात. कुणाची तिजोरी अडली की त्याला न्यायला गाडी येते. आणि त्याच्याच घराच्या मागच्या दाराची कडी दोन वर्षं एका खिळ्यावर लोंबतेय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तो दुकानात, सून डॉक्टरांकडे केसपेपर लिहायला, आणि मी दिवसभर घरात एकटी. कडीचं म्हटलं की त्याचं ठरलेलं, रविवारी करतो. रविवार येतात, जेवतात, झोपतात आणि जातात.

मग मी ठरवलं, ज्याला सांगून कळत नाही त्याला सिनेमा दाखवावा. घरातल्या घरात.

पहिल्या दिवशी मास्टरच्या चपला उलट्या करून ठेवल्या, टोकं घराच्या आत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लग्नाचा फोटो भिंतीकडे तोंड करून टांगला. तिसऱ्या दिवशी एक खुर्ची ओढत नेऊन न्हाणीघरात ठेवली. (कंबर धरली ती अजून सुटली नाही. ती घरात शिरणारी माणसं तरणीताठी का असतात ते कळलं.) चौथ्या दिवशी स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ तासभर पुढं केलं.

 दोघं नुसते एकमेकांकडे बघायचे, मग स्वयंपाकघरात कुजबुज. मला वाटलं, घाबरले. मी उशीत तोंड खुपसून हसत होते.

मग सून एकाएकी गोड झाली. मला म्हणाली, आई, आज वार कोणता? होता मंगळवार, पण जित्याची खोड. मी म्हटलं शुक्रवार, कालही शुक्रवारच होता. ती हसली नाही. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

शनिवारी दुपारी ती डॉक्टरांनाच घेऊन आली, मास्टरही दुकान बंद करून आला. पोरगेलासा डॉक्टर, पण मी विहिरीत पडल्यासारखा ओरडून बोलायचा. "आजी, किती वाजले सांगा बरं?"

मी ऐटीत भिंतीकडे बघून सांगितलं, "पाच वाजून दहा मिनिटं."

त्यानं मनगट बघितलं. वाजले होते चार दहा. मीच पुढं केलेल्या घड्याळानं मलाच खड्ड्यात घातलं. आता मात्र माझं धाबं दणाणलं. मी सगळं कबूल केलं, चपला, फोटो, खुर्ची, घड्याळ, सगळं मीच केलं म्हणून.

"बरं. कशासाठी केलंत?"

"घरात कुणीतरी शिरलंय असं यांना वाटावं म्हणून."

"कोण शिरलंय, आजी?"

"कुणी नाही हो. मीच ती."

डॉक्टर लिहायला लागला तो लिहीतच राहिला. मास्टर खाली फरशीकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. लहानपणी माझ्या खोड्यांना सगळ्यात जास्त हाच हसायचा. मी म्हटलं, "अरे, गंमत केली रे."

त्यानं माझा हात धरला. "हो आई. गंमतच."

आपण तापल्या लेकराला म्हणतो ना, हो हो, चंद्र आणून देतो, तसं म्हणाला. सिनेमातली ती बाई मला तेव्हा पुरती कळली.

दुसरा दिवस रविवार. आणि काय सांगू, तो रविवार खराच आला. मास्टरनं दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप आणलं, सकाळभर ड्रिल चालवलं, भुसा झाडला, तेल घातलं. म्हणाला, आता चिमणीसुद्धा आत यायची नाही. मी पदरानं त्याचा घाम पुसला. मग त्यानं दार लावून दाखवलं, तेव्हा दिसलं की आतल्या बाजूला किल्ली घालायला जागाच नाही. पुढच्या दारालाही तेच.

मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "तू बाहेर पडलीस आणि वाट चुकलीस तर?"

शिंपीणबाईचं दार आमच्या दारापासून अकरा पावलांवर आहे. आता तीच दुपारी खिडकीच्या गजांशी येऊन मला सिनेमा सांगते. वाईट सांगते. शेवट आधी सांगते.

परवाची गोष्ट. माझा चष्मा सापडेना. गादीखाली बघितलं, कपाटात बघितलं. शेवटी सापडला पिठाच्या डब्यात, काचा पांढऱ्या. मला हसूच आलं. म्हटलं, वा, झकास खोडी आहे. मग म्हटलं, कुणाची? सून दवाखान्यात, मास्टर दुकानात, आणि मी तर ठेवला नव्हता. डबा मांडीवर घेऊन मी काचा पदरानं पुसल्या. मग मनाशी म्हटलं, नक्कीच कुणीतरी घरात शिरून गेलंय.

तशीच उठले. मागच्या दाराशी गेले, कुलूप ओढून बघितलं, हिसके दिले, खांदा लावला. केसभर हललं नाही.

लाखात एक कारागीर आहे हो माझा लेक. बाहेरून कुणी आत येणं शक्यच नाही.