दोनच्या पुढचे मिस कॉल

ठकुबाई गेल्याचं नूतनला कळलं ते दुसऱ्या दिवशी, एसटीच्या कंडक्टरकडून. नसरापूरहून ती हिर्डोशीला पोचेपर्यंत सगळं आवरलं होतं. आईचं तोंडही तिला बघायला मिळालं नाही. तेरावा झाल्यावर ती वडिलांना म्हणाली, "आबा, एक तर माझ्याकडं राहायला चला, न्हाई तर मोबाईल घ्या."

गेनबांना घर सोडायचं नव्हतं. त्यांनी मोबाईल घेतला.

ठरलं ते साधंच होतं. हिर्डोशीत रेंज यायची ती फक्त देवळामागच्या टेकाडावर. दुपारचं जेवण झालं की गेनबांनी तिथं जायचं आणि नूतनला मिस कॉल द्यायचा. एक म्हणजे जेवलो, बरा आहे. दोन म्हणजे ये.

"आन् एक दिवस जरी चुकला ना आबा, तर गठुडं बांधून तुमाला घेऊन जाईन."

पहिल्या दिवशी फोन वाजतच राहिला, तेव्हा घाबरून नूतनने उचलला.

"हॅलो," गेनबा म्हणाले, "मी मिस कॉल देतोय."

"आबा, मी उचलायच्या आत कट करायचा असतो!"

"आगं, लोकाच्या दाराची कडी वाजवायची आन् दार उघडायच्या आत पळायचं? ही काय रीत झाली?"

"रीत न्हाई, पण पैसं पडत न्हाईत."

हे मात्र गेनबांना पटलं. ते लाल बटणावर अंगठा ठेवूनच फोन लावू लागले.

एका दुपारी अंगठ्याने जरा घाई केली. पलीकडे वाजलं की नाही, कळेना. आज चुकला तर पोरगी गठुडं बांधायला येणार. त्यांनी पुन्हा लावला. या वेळी रिंग स्पष्ट ऐकू आली. निम्मं टेकाड उतरल्यावर त्यांच्या मनात आलं, पहिलाही वाजला असेल तर? मग हे दोन झाले. दोन म्हणजे ये.

ते परत वर चढले. बोलून खुलासा करावा, तर पैसे पडणार. म्हणून दोन खोडायला त्यांनी तिसरा दिला. दिला आणि मनाला लागून राहिलं. ताटात कुणी तीन भाकऱ्या वाढत नाही, आणि आपण लेकीला तीन दिले. घाईने चौथा दिला. तेव्हा आठवलं, तिरडीला खांदेकरी चार लागतात. असला आकडा लेकीच्या घरी कसा राहू द्यायचा? पाचवा दिल्यावर त्यांचा जीव थाऱ्यावर आला. ओटीत फळं पाच, जेवायला सवाष्णी पाच. पाच चांगले. निवांत घरी येऊन ते आडवे झाले.

नूतन कपडे धुऊन आत आली आणि तिने मोबाईल बघितला. दोनला ये, तर पाचाला काय? तिने उलट फोन लावला. गेनबा टेकाडावरून उतरले होते. फोन लागत नाही, एवढंच एक बाई पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

शेजारी झुल्फिकारचा टेम्पो सिमेंट उतरवत उभा होता. अर्ध्या गोण्या तशाच ठेवून तो नूतनला घेऊन निघाला. वाटेत भोरला गेनबांची बहीण रतनबाई चढली. अशा वेळी माणसं लागतात म्हणून तिने शेजारच्या दोघींनाही घेतलं. तिघी मागे गोण्यांवर बसल्या.

दिवस कलायला आला तेव्हा गेनबा दारात नाचणी पाखडत होते. टेम्पो थांबला. सिमेंट नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला पदर लावलेल्या बायका एकेक करून खाली उतरल्या. गेनबांच्या हातातलं सूप गळालं.

"कोण गेलं?"

नूतन जागच्या जागी थांबली. "आबा, तुमी..."

"जावई बरं हाईत न्हवं? खरं सांग, पोरी!"

"मला काय इचारताय? पाच मिस कॉल कुणी दिलं?"

"ते व्हय?" म्हणत गेनबांनी तीनचं, चारचं आणि पाचाचं सगळं सांगितलं.

झुल्फिकार टेम्पोला टेकून हसायला लागला. "नूतनताई, चूक तुमची. दोनच्या पुढचं तुमी त्यांना सांगितलंच न्हाई."

"सहावा न्हाई दिलास ते बरं केलंस, दादा," रतनबाई म्हणाली. "म्या लाकडं घेऊनच आले असते."

नूतन हसली नाही. "बास झालं. टेम्पो हाय तवर निघायचं. कपडं घ्या, आबा."

गेनबा आत गेले. पेटी उघडून त्यांनी आधी ठकुबाईचं लुगडं काढलं आणि पिशवीत घातलं. मग स्वतःचा सदरा शोधू लागले. तो बाहेर दोरीवर वाळत होता.

नूतन दारातून बघत होती. तिने पिशवी त्यांच्या हातातून घेतली, लुगडं परत पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं.

"ऱ्हावा हितंच. पण मिस कॉल बंद. पैसं पडू द्यात. मी उचलणार आन् तुमी बोलायचं."

"काय बोलायचं?"

"जे असंल ते."

आता रोज दुपारी गेनबा टेकाडावरून फोन लावतात आणि नूतन उचलते.

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय केलं हुतं?"

"पिठलं."

मग दोघं गप्प राहतात. पैसे पडत राहतात. फोन कुणीच ठेवत नाही. ठकुबाईचं नाव मात्र अजून दोघांपैकी कुणी काढलेलं नाही.