अजून एक किनारा दाखवा

“सांगूनही पटणार नाही तुम्हाला, पण समुद्र स्वतः उठून हिच्या भेटीला आला होता!” कापडवाल्या काकांनी बशी खाली ठेवली. समोर बसलेल्या व्याह्यांच्या भुवया वर गेल्या. आत काकूंच्या हातातलं भांडं जरा जोरातच वाजलं. पण चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात काढलेला माणूस भांड्याच्या आवाजाला थोडाच दबतो! काका रंगात आले.

काका-काकू दोघं पहिल्यांदाच समुद्रावर गेली होती. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन व्हायच्या आत एकदा खाऱ्या पाण्यात पाय बुडवायचे, एवढाच काकूंचा हट्ट. हाताशी दिवस एक, संध्याकाळी पाचची परतीची बस, आणि त्या गावाला किनारे मात्र सहा.

पहिला किनारा हॉटेलच्या समोरच. दगडी पायऱ्या उतरत गेलेल्या आणि चौथ्या पायरीशी पाणी लाडात येऊन चुळबुळ करतंय. काकूंनी चपला काढल्यासुद्धा.

“थांब गं! पहिलंच ठाण कुणी फाडून मागतं का?”

“अहो, पण मला आवडलाय हा.”

“आवडणारच. गिऱ्हाइकाला पहिलं आवडतंच. खरा माल मागे ठेवलेला असतो.”

रिक्षा केली. दुसरा किनारा काकांना पोताला भरड वाटला. तिसऱ्याचा पन्हा कमी पडला, रुंदीच नाही म्हणे. चौथ्याचा निळा रंग एका धुण्यात जाईल, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. पाचव्यावर तर त्यांनी वाळू मुठीत चुरगळून पाहिली. काकू आपल्या रिक्षातच. मऊ वाळूत त्यांचा गुडघा कुठला चालायला!

“काका, समुद्र एकच आहे हो,” रिक्षावाला कळवळून म्हणाला.

“तागा एक असला म्हणून काय झालं? उलगडून बघायला नको?”

सहाव्याला उतरायला बहात्तर पायऱ्या निघाल्या. काकू हळूच म्हणाल्या, “मला तो पहिलाच द्या.”

हे वाक्य काकांनी दुकानात हजारदा ऐकलं होतं. पण दुकानातलं ठाण ठेवल्या जागी असतं. इथे परत येऊन बघतात तो ओहोटी! पायऱ्या कोरड्या ठणठणीत, पाणी पार लांब गेलेलं आणि मधे नुसता चिखल. बसला अर्धा तास उरला होता. काकू पायरीवर बसल्या. संसारात त्या भांडल्या होत्या, रुसल्या होत्या. पण आज त्यांनी नुसती बसची तिकिटं पिशवीतून काढून हातात धरली.

“आणि काय सांगू!” काकांनी आवाज खाली आणला. “भर ओहोटीत समुद्र वळला हो! सरसर आला, पायऱ्या चढला, हिचे पाय घोट्यापर्यंत भिजवले आणि आल्या पावली परत गेला. अगदी शप्पथ!”

व्याह्यांचा चहा हातातच राहिला.

“थापा!” काकू पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या. “समुद्र कशाला येतोय? हेच धावले त्या चिखलातून, शहाळेवाल्याची बादली मागून घेऊन. बसमध्ये कुणी शेजारी बसेना यांच्या, इतके माखले होते! दोनदा आपटले, दोन बादल्या सांडल्या... तिसरी तेवढी पोचली माझ्या पायांपर्यंत.”