मंगळाची फौज आणि उमाजी हवालदार

"माणसं माझी, शत्रू तेवढा तुम्ही आणा," असं उमाजी हवालदारांनी ग्वाल्हेरच्या इंदरगंज भागातल्या चहाच्या दुकानात चार लोकांसमक्ष सांगितलं, आणि तिथंच माधवरावांचा पिक्चर अर्धा बुडाला.

माधवराव खासगी बाजार या मोहल्ल्यातले. तीन पिढ्या दरबारच्या दफ्तरात गेलेल्या. संस्थान विलीन झालं, दफ्तराला कुलूप लागलं, तसे ते मुंबईला जाऊन एका स्टुडिओत दोन वर्षं राबून आले. आता त्यांना ग्वाल्हेरातच पिक्चर काढायचा होता, तोही मंगळावरून चालून आलेल्या फौजेचा. रंगीत फिल्म परवडण्यातली नव्हती. "मंगळ तांबडा असतो ना?" असं कुणी विचारलं की ते म्हणत, "लांबून. जवळून काळा-पांढराच आहे." मंगळवाल्यांचे पोशाख पत्रेवाल्यानं तेलाचे डबे कापून केले होते. एकाच्या छातीवर सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या, फुलाचं चित्र राहून गेलं होतं, म्हणून त्याला सारखं तिरकं चालायला लावलं होतं.

मंगळवाल्यांशी लढायला सैन्य हवं होतं. विलीनीकरणात ग्वाल्हेरच्या फौजेतले तरणे जवान हिंदी लष्करात गेले आणि हवालदारांच्या वयाचे घरी आले. हवालदार आता एका कचेरीत शिपाई होते. साहेबांपुढं पाण्याचा ग्लास ते अशा कडक हातानं ठेवत की साहेबच खुर्चीत ताठ होत. पिक्चरचं कळताच त्यांनी आपल्या पलटणीतले अठरा जण गोळा केले. ट्रंकांतले गणवेश निघाले. पोटाशी बटणं लागेनात, ते काम बायकांनी रातोरात उसवून-शिवून निभावलं.

माधवरावांनी त्यांना सगळं सांगितलं होतं, फक्त लढाईचं पुढं काय होतं ते सोडून.

रविवारी सकाळी कंपू या जुन्या छावणीच्या वस्तीमागच्या मैदानावर मंडळी जमली. याच मैदानावर हवालदारांनी वीस वर्षं कवायत केली होती. त्यांच्या पत्नी विजयाबाई बाकीच्या बायकांना घेऊन पोळीभाजीचे डबे बांधून आल्या होत्या. निम्मं कंपू झाडांवर चढलं होतं.

"हे बघा हवालदार," माधवराव म्हणाले, "समोरून मंगळवाले येतील. तुम्ही एकदा गोळ्या झाडायच्या. त्यांना काही होत नाही. मग तुम्ही पळायचं."

"कुणीकडं?"

"मागं."

हवालदारांनी लाकडी बंदूक खाली टेकवली. "साहेब, आपण खासगी बाजारचे, आपल्याला मालूम नसेल. मागं पळायचं आम्हाला शिकवलेलंच नाही."

"अहो, नाटक आहे ते. शेवटी वैज्ञानिक त्यांच्यावर चुन्याची निवळी शिंपडतो आणि आपणच जिंकतो."

"चुन्यानं जिंकायचं, मग पलटण कशाला बोलावली?"

माधवरावांनी हात जोडले. फिल्मचा एकच डबा उरला होता, कॅमेरा संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा होता. ते हात बघून हवालदार विरघळले. माघारी वळून त्यांनी आपल्या माणसांना हुकूम दिला, "पळायचं आहे. पण एका रांगेत."

कॅमेरा सुरू झाला. डबे खडखडवत मंगळवाले निघाले. पुढं त्यांचा सेनापती दौलतसिंह, आखाड्यातला पैलवान. सैन्यानं लाकडी बंदुका झाडल्या. माधवराव भोंग्यातून ओरडले, "भागो!"

पलटण पळण्यासाठी वळणार, एवढ्यात दौलतसिंहाला वाटलं की आपणही काही बोलावं. संवाद त्याला दिलेला नव्हता. तो डब्यातून गरजला, "अरे, ये तो पेन्शनवाली पलटन है!"

झाडांवरचं निम्मं कंपू हसलं. हवालदारांनी बायकांकडं पाहिलं. विजयाबाई हसत नव्हत्या, मान खाली घालून डब्यांची झाकणं चाचपत होत्या. हे हवालदारांना सोसलं नाही.

"पलटण," ते म्हणाले, "चाल कर."

अठरा पोटं आणि अठरा मिशा एकदम पुढं सुटल्या. मंगळवाल्यांनी क्षणभर माधवरावांकडं पाहिलं, मग एकमेकांकडं, मग पाठी फिरवून धूम ठोकली. सरसोंवाला प्रथमच सरळ पळाला. दौलतसिंह कंपूच्या रस्त्यावर पोचला तेव्हा त्याला बघून एका टांग्याचं घोडं उधळलं, आणि तो घोड्याला भिऊन समोरच्या दवाखान्यात शिरला. "कुठं दुखतंय?" असं कंपाउंडरनं विचारलं. दौलतसिंहानं "आत" एवढंच सांगितलं. शेवटी पत्रेवाल्याला बोलावून त्याला डब्यातून काढावं लागलं.

इकडं कॅमेरामननं सगळं शेवटापर्यंत टिपलं होतं. त्याला वाटलं, गोष्ट अशीच आहे. फिल्मचा डबा संपला.

माधवराव मैदानातल्या दगडावर बसून राहिले. हवालदार जवळ जाऊन सावधान उभे राहिले.

"साहेब, मी आपला पिक्चर बुडवला. काय शिक्षा द्यायची ती द्या."

"शिक्षा कसली," माधवराव हळूच म्हणाले. "आधी जेवू या. पोळीभाजी आहे ना?"

पाच महिन्यांनी पिक्चर लागला. हवालदार पलटणीसह, सहकुटुंब गेले. लढाईचा प्रसंग आला आणि ते खुर्चीतून अर्धे उठले. माधवरावांनी ती फिल्म उलटी फिरवून जोडली होती. मंगळवाले पाठमोरे, उलट पावलांनी चालून येत होते आणि पलटण तितक्याच वेगानं मागं मागं सरकत होती. धूळ आभाळातून उतरून बुटांखाली जात होती. "मंगळावर लोक असेच चालतात," असं कुणीतरी शेजाऱ्याला समजावलं. मग मातीत पालथे पडलेले हवालदार हात न टेकता ताडकन उभे झाले आणि मागं धावले. चाल करताना आपण ठेचकाळून पडलो, हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं.

पिक्चर संपल्यावर ते बाहेर आले. मग मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "पळालो म्हणा हवं तर. पण नीट पाहिलंत ना, शत्रूला पाठ दाखवली नाही."

"ते खरं," विजयाबाई म्हणाल्या. "पण तुम्ही हात न टेकता उठलात तेव्हा माझ्या मागची बाई तिच्या नवऱ्याला म्हणत होती, मंगळवाल्यांत तो एकच मिशीवाला दिसतो."