आहेरकाकांचा खात्रीचा पत्ता

लग्नाची पत्रिका आली की आमच्या शेजारचे आहेरकाका ती उघडण्याआधी यजमानांना फोन लावायचे. "पत्रिका तुम्हीच धाडली ना?" पलीकडून हो आलं, की मगच पाकीट फोडायचे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांची सगळी नोकरी गेटवर पास तपासण्यात गेली. एकदा सख्खा साडू पास न घेता आला, तर त्याला त्यांनी चहा पाजला, पण गेटबाहेर. "आधी ओळख, मग राम राम," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

निवृत्त झाल्यावर काकांनी कॉम्प्युटर घेतला. ईमेलला फुकटातला पत्ता मात्र नको म्हणाले. "तो कुणीही काढतो." म्हणून स्वतःच्या आडनावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं हक्काचं नाव, विकत घेतलं. मी तेव्हा द्वारका चौकात वेबसाइट बनवणाऱ्या एका ऑफिसात होते. ते काम मीच करून दिलं.

काही महिन्यांनी काका ऑफिसात येऊन बसले. "पोरी, माझी पत्रं पोचत नाहीत."

मी त्यांना माझ्या पत्त्यावर एक मेल पाठवायला लावली. ती थेट स्पॅममध्ये जाऊन पडली. चूक माझीच होती. आपल्या नावाची मेल कोणत्या सर्व्हरवरून निघते, हे सांगणारी एक ओळ डोमेनच्या नोंदींत घालावी लागते. ती मी घातलीच नव्हती, त्यामुळे काकांची मेल बनावट ठरत होती.

"म्हणजे मीच बिनपासाचा?" काका हादरले.

मी ओळ लिहायला घेतली. ओळीच्या शेवटी नागमोडी चिन्ह दिलं, तर दुसरीकडून आपल्या नावाने आलेली मेल संशयित म्हणून घेतात. उणे दिलं, तर नाकारतात, असं सांगितलं.

"संशयित, आणि आत? आमच्याकडे असलं चालत नव्हतं. उणे दे."

नोंद सगळीकडे लागू व्हायला दिवस जातो म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी डबा घेऊन हजर. दुपारी चाचणीची मेल नीट पोचली. मग काकांनी बंगळूरला मुलीला दोन ओळी पाठवल्या आणि खालच्या आवाजात मला सगळं सांगितलं. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून बोलणं बंद होतं. फोन करायचा धीर होईना, म्हणून ते महिनाभर मेल लिहीत होते. उत्तर येईना, तेव्हा वाटलं, तिने कायमचं तोडलं.

तासाभरात उत्तर आलं. "बाबा, आधीची अकरा पत्रंही स्पॅममध्ये सापडली. वाचतेय."

काकांनी चष्मा काढून पुसला. आणि एकदम घाबरले. "पहिली चार परत मागवता येतात का गं? रागात लिहिली होती."

"नाही, काका."

काकांनी कीबोर्ड पुढे ओढला. मग एका बोटाने त्यांनी टाइप केलं, "पाचव्यापासून वाच. जावईबापूंना तिखट चालतं का, ते कळव."